मनगटासारखं बकेट

गारखेड्यात ड्रेनेजसाठी चर खणणाऱ्या पोकलेनवाल्याला सगळे चाचा म्हणतात. इंजिन सुरू करण्याआधी ते केबिनमधून बोट दाखवत मजूर मोजतात. ठेकेदार चिडवतो, "चाचा, हजेरी घेता का?" मोजणं संपेपर्यंत चाचा उत्तर देत नाहीत.

परवा ठेकेदारानं पोकलेनच्या हाताला लावायचं, मनगटासारखं वळणारं, गोल फिरणारं बकेट भाड्यानं आणलं. परवडलं तर विकत घेणार होता. पाइपाखालची माती काढायला आता मजुरांनी चरात उतरायची गरज नव्हती. म्हणजे पाच जणांची रोजी जाणार. मी मजूर संघटनेचा कार्यकर्ता; निषेधाचं पत्रक घेऊन पोचलो.

"काय लीडर, आज कोणाच्या खिलाफ?" चाचांनी केबिनमधून विचारलं.

"या बकेटच्या. एवढा पैसा ओतून माणसं काढायची?"

"चरातून काढतंय ना. तू उतरलास कधी?"

मी काठाशी जाऊन आत डोकावलो. त्यांनी बकेट तिरकं करून पाइपाखाली घातलं, हळूच फिरवलं. तेवढ्यात चराची एक बाजू धपकन ढासळली. रोज मजूर वाकून माती काढायचे, नेमकी तिथंच.

चाचांनी इंजिन बंद केलं. चरात कोणी नव्हतं हे ठाऊक असूनही त्यांचं बोट फिरू लागलं, आणि सहावर थांबलं.

"मजूर पाच आहेत, चाचा."

"सहावा तू. लई काठावर उभा व्हतास."

मी काठापासून मागं सरलो. तिथंच बसून मी पत्रकातली मागणी खोडली आणि लिहिलं, बकेट विकत घ्या आणि पाचही जणांना चराबाहेरच्या कामावर ठेवा.

चाचांनी वाचलं. "व्हय. हे छाप."