पाठमोरी पुस्तकं

इकडे परदेशात ॲडम्सटाउनमधलं घर घेतलं तेव्हा पुढच्या खोलीतली एक अख्खी भिंत मी पुस्तकांसाठी राखून ठेवली. भाड्याच्या घरांत आमची पुस्तकं वर्षानुवर्षं खोक्यांतच पडून होती. सुताराकडून छतापर्यंत पांढरे कप्पे करून घेतले आणि दोन शनिवार-रविवार खपून त्यांत पुस्तकं लावली. इंग्रजी पुस्तकं रंगांप्रमाणे: आधी निळी, मग हिरवी, मग पिवळी. मधे मोकळी जागा, एखादी कुंडी, एक पितळी वाडगा. मोबाइलवर फोटो बघून बघून सगळं ठरवलं होतं.

अडलं ते मराठी पुस्तकांपाशी. ती जवळजवळ सगळी सासऱ्यांची होती. नवरा वर्ध्याहून येताना दर वेळी बॅगेत थोडीथोडी घेऊन यायचा. कुणाच्या पाठीवर पिवळी पडलेली सेलोटेप, कुणाला जखमेला लावतात तशी पांढरी पट्टी, काहींची तर पाठच निखळलेली. माझ्या निळ्या-हिरव्या रांगांशेजारी ती काही केल्या शोभेनात. मग एका फोटोत युक्ती सापडली. पुस्तकं उलटी ठेवायची, पाठ भिंतीकडे आणि पानांच्या कडा आपल्याकडे. मी दोन कप्पे तसेच लावले. जुन्या कागदाचा तो सायीसारखा रंग खरोखर सुंदर दिसत होता. घर बघायला आलेल्या मैत्रिणींनी त्याचेच फोटो काढले.

जूनमध्ये सासरे तीन महिन्यांसाठी आले. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, उभा जन्म लोकांची शेतं मोजण्यात गेलेला. बोलणं कमी. आल्या दिवशी हात मागे बांधून ते बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले.

"साजरं दिसून राह्यलं, बाई," ते म्हणाले. मी खूश झाले.

त्यानंतर ते रोज दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसलेले दिसायचे. मी आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. मी वरच्या खोलीतून चहाला खाली आले की त्यांच्या हातात पुस्तक असायचंच. या नावं न दिसणाऱ्या रांगेतून त्यांना हवं ते पुस्तक कसं मिळतं, हा प्रश्न मला दोन महिन्यांत एकदाही पडला नाही.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी टीव्हीचा रिमोट शोधत होते. त्यांच्या खुर्चीच्या गादीखाली हात घातला तर एक चौकटीची वही लागली. पहिल्याच पानावर आमच्या भिंतीचा नकाशा होता. अगदी मापात, पट्टीने काढलेला. कप्प्यांना क्रमांक, आणि उलट्या ठेवलेल्या प्रत्येक पुस्तकाला शेतांना देतात तसा आपापला गट नंबर. पुढच्या पानांवर यादी. 'खालून तिसरा, डावीकडून पाचवे: कादंबरी, भाग दुसरा.' 'त्याच्या लगत: प्रवास.' बहुतेक नोंदी आठ वर्षांच्या माझ्या लेकीच्या गोल अक्षरात होत्या.

तेवढ्यात तीच आली. "आई, डोंट! दॅट्स अवर मॅप!" तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इथल्या शाळेच्या इंग्रजीतच देते. मी विचारलं, हे कशाला केलंत? तिने सांगितलं, आजोबांना नावं दिसत नव्हती. मग ते एकेक पुस्तक काढायचे, नाव वाचायचे, ती लिहायची, आणि पुस्तक होतं तसंच परत उलटं ठेवायचे. "ही सेड यू'ड बी सॅड इफ वी मूव्ह्ड देम."

सासरे बाहेरून फिरून आले तेव्हा वही माझ्या हातातच होती.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं त्यात?" बूट काढता काढता ते म्हणाले. "तुनं एवढं मन लावून केलं. घर तुयं हाय. मी कायले हलवू?"

"पण पुस्तकं तुमची आहेत."

त्यांनी बूट भिंतीशी सरळ लावून ठेवले. मग म्हणाले, "वाचायले भेटते नं मले. झालं तर मग."

बरं वाटावं म्हणून बोललेलं ते वाक्य मला दोन दिवस बोचत राहिलं. त्या पुस्तकांतलं एकही मी वाचलं नव्हतं, उघडूनही पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी सगळी पुस्तकं काढून जमिनीवर मांडली. ते अगदी अवघडून गेले. "राहू दे न बाई, फोटोतलं बिघडन." मी ऐकलं नाही. मग मात्र त्यांनी मैदा मागितला. गॅसवर त्याची खळ शिजवली, माझी एक जुनी सुती ओढणी फाडून पट्ट्या केल्या आणि फाटक्या पाठी एकामागून एक चिकटवायला घेतल्या. नकाशांवर गावांची नावं लिहायचे त्याच वळणदार अक्षरात त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहिली. लेक त्या जपून चिकटवत होती. हे काम चांगलं आठवडाभर चाललं. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं वाळत असायची आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. अधूनमधून एखादं पुस्तक हातात धरून ते थांबायचे, ते कुठे घेतलं, कुणी दिलं ते सांगायचे. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकं परत सुलट लावताना त्यांनी एकच मागणं मागितलं: रोजची पुस्तकं खांद्याच्या खाली ठेव, उजवा हात आता वर जात नाही.

सप्टेंबरात ते परत गेले.

मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचायला त्यांच्या वहीतली ती तीन भागांची कादंबरी काढली. सवय मोडलेली, सुरुवातीला पानापानावर अडखळत होते. पहिला भाग संपायलाच महिना लागला. दुसऱ्याच्या मध्यावर मात्र राहवेना, म्हणून स्टेशनवरूनच त्यांना फोन लावला आणि कादंबरीतल्या थोरल्या भावाच्या वागण्यावर भडाभडा बोलले. ते शांतपणे ऐकत होते.

"बाबा, पुढे काय होतं ते सांगू नका हं."

"नाई सांगत," ते म्हणाले, आणि हसले. "पण तो भाऊ वाईट नाई, बाई. तू वाच."