दादाने रंगवलेलं दार

शेजारच्या दाराला ऑइलपेंट लागतोय. त्या वासाने मी थेट कळव्याच्या चाळीत पोचलो. सहा महिने उदास पडून असलेला दादा त्या सकाळी आमचं दार पिवळं रंगवत होता. तीन दिवस झोप नाही, बडबड अखंड.

"अख्खी चाळ रंगवतो रे!"

पोरगा बरा झाला म्हणून आई टिटवाळ्याला नवस फेडून आली. मी शहाणा, त्याला ब्रश धुऊन देत होतो. उदासी आणि हा उत्साह एकाच आजाराची, बायपोलरची, दोन टोकं हे डॉक्टरांकडून कळेपर्यंत चार दारं पिवळी झालेली.

आता गोळ्यांनी तो सावरलाय. पण काल फोनवर जरा जास्तच हसला. आत्ता पुन्हा फोन लावला.

"दादा, झोपलेलास ना?"

"आठ तास. तू?"

मी रात्रभर जागाच होतो.