टिशू ठेवून धरलेल्या जागा

माझी मुलगी तिच्या पॉलिटेक्निकच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये गोलकीपर आहे. हे आमच्या सेंगकांगच्या मराठी ग्रुपमध्ये सांगितलं, तेव्हा एका काकूंनी विचारलं, "आणि अभ्यास?" मी म्हटलं, तो ती डोक्याने करते, बॉल हातांनी अडवते. काकू माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

मुलींची कोच कंत्राटावर होती. सेम्बावांगला राहणारी, किरकोळ अंगाची, घसा कायम बसलेला. बॉल कडेने आला की माझी पोरगी घाबरून गोलच्या खांबाला चिकटायची. मग ही बाई बाहेरून ओरडायची, "ऑफ द पोस्ट, गर्ल!" ओरडून ओरडून तिने पोरीला मोकळ्यात उभं राहायला शिकवलं. घरी आम्हाला जमलं नव्हतं ते.

सीझन संपत आला तसं कॉलेजच्या क्रीडा विभागाने कळवलं, की मुलींच्या मॅचला कुणी येत नाही, तेव्हा पुढच्या वर्षी मुलांचा कोचच दोन्ही टीम बघेल. शेवटच्या मॅचला प्रेक्षक दिसले तर फेरविचार करू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांची टीम सगळ्यांकडून मार खात होती, पण त्यांच्या कोचला टाळ्या मोजून नोकरी देत नव्हते!

मी ग्रुपच्या हातापाया पडले. सगळ्यांनी अंगठे पाठवले, जोडलेले हात पाठवले. शनिवारी मी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसमधून थेट मैदानावर पोचले तर मॅच सुरू झालेली, आणि सावलीतल्या खुर्च्यांवर ओळीने टिशूची पाकिटं. मध्येमध्ये छत्र्या. माणूस एक नाही.

इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली, कुणी हात लावत नाही. इथे आल्यावर आमच्या लोकांनी हा रिवाज इतका मनावर घेतलाय, की मॅचलासुद्धा त्यांनी लवकर येऊन जागा धरल्या आणि सगळे मिळून चहाला गेले. क्रीडा विभागाचा माणूस हाफटाइमपर्यंत थांबला, रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढला आणि गेला. त्या पाकिटांच्या रांगेत मी एकटी बसून टाळ्या वाजवत होते. नंतर मंडळी प्लास्टिकच्या पिशव्यांतून चहा झुलवत आली.

"अहो, चिडताय काय? जागा धरून ठेवल्या होत्या ना!" काकूंचे यजमान म्हणाले.

कोचला नारळ मिळाला. आमच्याच लीगमधल्या दुसऱ्या कॉलेजने तिला लगेच घेतलं. मुलगी घरी रडली नाही. नुसतं म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, आई." मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

यंदा त्याच कॉलेजशी मॅच होती. ग्रुप वेळेवर हजर. बॅनर, डब्यातून चिवडा, पिपाण्या. आमचा कोच, म्हणजे मुलांचा कोच, मैदानाकडे पाठ करून फोनवर बोलत होता. समोरच्या बाजूला आमची जुनी कोच त्यांच्या मुलींसोबत उभी.

मॅच संपत आली, बरोबरी होती. त्यांची एक मुलगी बॉल घेऊन कडेने सुटली आणि माझी पोरगी पुन्हा खांबाला चिकटली. तेवढ्यात समोरून तोच बसलेला घसा ओरडला, "ऑफ द पोस्ट, गर्ल!" स्वतःची टीम गोल मारायला निघालेली असताना! पोरगी सुटून पुढे आली, झेपावली, बॉल बाहेर गेला. त्यांच्या मुली आपल्या कोचकडे बघतच राहिल्या. तिने तोंडावर हात धरला होता.

आमच्याकडे पिपाण्या वाजल्या. काकूंचे यजमान मागे वळून खुशीत म्हणाले, "नवीन कोचने पोरीला छान तयार केलंय हं!"

खरं सांगितलं असतं तर ग्रुप मोडला असता. पर्स उचलली, माझ्या खुर्चीवर टिशूचं पाकीट ठेवलं आणि मैदानाला वळसा घालून समोरच्या बाजूला, त्या कोचच्या मागे जाऊन बसले.