ओली बाळंतीण

शेजारच्या काकूंचं प्रत्येक बोलणं 'मी म्हणते'नं संपायचं. शिवाशिव नको म्हणून रानातल्या बायांना त्या तांब्या उंच धरून ओंजळीत पाणी ओतायच्या. नामांतराच्या दंगलीत बौद्धवाडा पेटवला गेला. तिथली माणसं हाताला लागेल ते घेऊन परभणीला निघून गेली. मागं एका जळक्या घरात एक व्यालेली कुत्री राहिली, पिलांसकट.

काकू रोज त्या जळक्या घरात जाऊन तिच्यासाठी बाजरीची ऊन भाकरी दुधात कुस्करायच्या. "ओल्या बाळंतिणीला गार चालत न्हाई, मी म्हणते." कुत्री खायची तोवर तिच्या पाठीवरची राख पदरानं पुसत राहायच्या.

एकदा मी विचारलं, "काकू, ही कुत्री तुमच्या रानात खुरपायला यायची त्या बाईचीच ना?"

"तिचीच." काकूंनी बाजूला पडलेलं पिलू उचलून आईच्या आचळाला लावलं. "तीबी ओली बाळंतीणच होती. वाडा पेटला तवा लेकरू घेऊन आमच्या दाराशी आली. लय वेळ कडी वाजवायली होती."

मी 'मी म्हणते'ची वाट बघत थांबलो. काकू रिकाम्या ताटलीत बोटांनी नुसतंच कुस्करत बसल्या होत्या.