मातीच्या जगातला समुद्र

नेकनूरच्या अलीकडचं आमचं गाव. शाळा चावडीत भरे आणि मी बसे चावडीबाहेर, लिंबाखाली. महाराचं पोर शाळेत येतं हेच गावाला जड जात होतं, आत बसवणं तर दूरच. मास्तर मला हातानं मारत नसत. विटाळ नको म्हणून लांबून छडी फेकत आणि परत उचलण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडत. मारायलाही त्यांना सोवळं लागे.

त्या वर्षी औरंगाबादेहून तालिमाचे, म्हणजे शाळाखात्याचे, साहेब परीक्षेला येणार होते. त्यांनी पास केलं तर मी पुढच्या इयत्तेत जाणार, नाहीतर बापामागं वेठीला, असं घरात ठरलेलंच होतं. बाप अंमलदारांची ओझी या गावाहून त्या गावाला वाही. मला ते नको होतं, अगदी जिवापासून नको होतं.

साहेबांवर छाप पडावी म्हणून मास्तरांनी अंगणात मातीची दुनिया करायला काढली. एकेका पोराला एकेक मुलूख. आशिया पाटलाच्या पोराला, युरोप वाण्याच्या पोराला. नदीवरची चिकणमाती सगळ्यांसाठी मीच आणली. कोरड्या मातीला विटाळ नसतो, हे शास्त्र सोयीचं होतं. माझ्या वाट्याला ऑस्ट्रेलिया आला. मास्तर हुशार, चहूकडून पाणी, कुणाच्याच हद्दीला लागायला नको.

मी मातीत भुसा कालवला, बाभळीच्या काट्यानं किनारे कोरले. इतकं सुख मला त्याआधी कशातच झालं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी भोवती बांध घालून मास्तरांनी निळीचं पाणी ओतलं. समुद्र झाला. पोरं हरखली. पाटलाच्या पोरानं कागदाची होडी सोडली आणि तिला ढकलायला हात बुडवला. पाटील ओट्यावर पान लावत होते. ते लावायचे थांबले.

"मास्तर, समिंदर एकच हाय की," ते म्हणाले. "ह्याच्या मुलखाचं पानी आमच्या पोराच्या हाताला लागलं."

आठवडाभर जग घडवत होतो, पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पोराला आंघोळीला पिटाळलं. बांध फोडून पाणी सोडून दिलं आणि मास्तरांनी मला माझा मुलूख उचलून उकिरड्यावर टाकायला सांगितलं. ओली माती ती, हातातच फुटली. तिच्या जागी गोमूत्र शिंपडून त्यांनी नवा समुद्र भरला.

दुपारी साहेब आले. प्रत्येकाला त्याचा मुलूख विचारला आणि पास केलं. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी मास्तरांना विचारलं, यानं काय बनवलं?

"कुछ नहीं, हुजूर," मास्तर म्हणाले. "इससे कुछ नहीं होता."

बाहेर बसून बसून मला तेवढं उर्दू कळत होतं. मी तोंड उघडलं. पाटलांनी माझ्या बापाकडे पाहिलं. बाप साहेबांच्या घोड्यापाशी उभा होता. त्यानं मला मानेनंच गप्प बसायला सांगितलं आणि मी बसलो. मास्तरांपेक्षा मला त्या मानेचा राग अजून येतो. साहेबांनी मला नापास केलं.

ऊन कलल्यावर ते पुढच्या मुक्कामाला निघाले. बापानं त्यांच्या बिछान्याची वळकटी माझ्या डोक्यावर दिली. साहेब घोड्यावरून कारकुनाला सांगत होते की एवढ्याशा गावात मास्तरानं सगळी दुनिया उभी केली, एकही मुलूख सोडला नाही. मी घोड्याच्या मागंच चालत होतो, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू येत होतं.