बाप्या माणसाला कोण विकतं?

"बाप्या माणसाला कोण विकतं रे?" हवालदार म्हणाला. आणि कानाखाली वाजवली.

सुप्याच्या अलीकडं, हायवेच्या लॉजवर धाड पडली होती. बायांच्या अंगावर चादरी टाकल्या, तोंडं झाकली, गाडीत बसवलं. मी नुसत्या चड्डीवर. मला चादर नाही. ज्या लॉजमालकानं मला विकत घेतलं, त्याच्याच शेजारी उकिडवं बसवलं. आरोपी म्हणून.

मी जामखेडकडचा. आईबाप ऊसतोडीला जातात. विशीत होतो. गावातल्याच एकानं कंपनीत लावतो म्हणून आणलं आणि पैसे घेऊन या लॉजवर सोडलं. बाहेरून कडी. गिऱ्हाईक पुरुषच. नाही म्हटलं की पट्टा. उपास.

शबाना त्याच लॉजवर कोंडलेली. गाडीतून ती ओरडली, "साहेब, त्यालाबी विकलाय. आमच्यासारखाच हाय त्यो."

पोलीस हसले. लॉजमालकही हसला.

नगरला डॉक्टरनं तपासताना विचारलं, "आवडत होतं का तुला?"

बायांना मदतकेंद्रात ठेवलं. माझ्यासाठी तिथं खोली नव्हती. केंद्रातल्या मॅडम गोड बोलल्या, "तू वेटर होतास असं सांग. साक्षीदार होशील, सुटशील. गावात तोंडही दाखवता येईल."

बाप फडावरून आला होता. अंगाला उसाचा वास. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. "म्हन की वेटर व्हतो. भैनीचं लगीन व्हायचंय."

बापाचे जोडलेले हात बघवत नव्हते. पण वेटर म्हटलं असतं, तर त्या खोलीत माझं जे झालं ते झालंच नाही असं ठरलं असतं. लॉजमालकाला तेच पाहिजे होतं.

"मी वेटर न्हवतो," मी म्हणालो. "मला विकलंय. तसंच लिवा."

बाप उठला. मागं न बघता गेला. घराचं दार अजून बंदच आहे.

कोर्टात लॉजमालकाविरुद्ध शबानानं साक्ष दिली, मीही दिली. वकिलानं विचारलं, "पुरुष असून पळाला का नाहीस?" मी सगळं सांगितलं. मान वर ठेवून.

मध्यंतरी अशाच एका धाडीत एका तृतीयपंथी पोरीला सोडवून आणलं. केंद्राच्या दारातच अडवून मॅडम तिला म्हणाल्या, "तू बाई का पुरुष, ते आधी ठरव." केंद्रातून शबानाचा फोन आला. मी गेलो आणि दारात आडवा पडलो. शबाना शेजारी बसली. पोलीस आले, लाथ बसली. उठलो नाही.

शेवटी तिला आत घेतलं. दयेनं नाही. लोक जमले म्हणून.

पुढच्याला हाकलून बघा. मी पुन्हा पडेन. मला तुडवल्याशिवाय ते दार कुणालाच लावता येणार नाही.