गालातला घास

समोरच्या सुखदाला मी अर्णवच्या जन्माआधीपासून ओळखते. तिच्या आणि माझ्या दारात फक्त जिना आहे, त्यामुळे तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की माझा हात माझ्या गॅसकडे जातो. मी महापालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर बसून निवृत्त झाले. समोरच्याचं ऐकून घ्यायचं आणि मग त्याला खडसावायचं, ही सवय काही अजून गेलेली नाही. सुखदा म्हणते, पद्माकाकू, तुम्ही प्रेमानंसुद्धा ओरडता. ओरडते. पण ही पोरगीच तशी आहे, साध्या गोष्टीचा घोर लावून घेणारी.

चिंचवडच्या एका ऑफिसात ती मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं तपासते. कुठे एखादं माप चुकलेलं राहिलं तर तिला झोप लागत नाही. नवरा, सलिल, चाकणच्या एका कंपनीत. पहिली शिफ्ट असली की तो उजाडायच्या आत डांगे चौकात जाऊन कंपनीची बस पकडतो. मग सकाळच्या घरात उरतात ती सुखदा आणि अर्णव, आणि दोघांच्या मध्ये एक घास.

अर्णव दुसरीत आहे. तो जेवायला नाही म्हणत नाही, रडत नाही, ताट ढकलत नाही. तोंड उघडतो, घास घेतो आणि गालात ठेवून देतो. बूट चढतात, दप्तर चढतं, तरी गाल आपला फुगलेलाच. खाली शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की सुखदा जिन्यात त्याला थांबवून म्हणते, "आ कर." तो आ करतो. घास आत शाबूत. पोहे, उपमा, थालीपीठ, काहीही द्या. डॉक्टरांनी सांगितलं, वजन जरासं कमी आहे, घाबरू नका. डॉक्टर घाबरू नका म्हणाले की आई घाबरणारच.

या घाबरण्यातूनच तिचा ब्लॉग निघाला. नाव 'रिकामा डबा'. शाळेतून डबा रिकामा आला की त्यात काय दिलं होतं ते लिहायचं, आणि भरलेला परत आला की तेही लिहायचं. 'आज शेपूचा पराठा जसा गेला तसा घरी आला', असं सरळ लिहायची. बायकांना तेच आवडलं. बाकीच्या ठिकाणी सगळ्यांची मुलं बदाम-अक्रोड खाऊन गुणी झालेली असतात, हिच्याकडे मात्र आपल्यासारखं घर होतं. बघता बघता पार चाकणजवळच्या निघोजे गावापर्यंतच्या आया तिला विचारायला लागल्या, ताई, उद्या डब्यात काय देऊ?

आणि एक दिवस कुरिअरवाला एक खोकं घेऊन आला. आत दुधात घालून खायच्या चॉकलेटी चंद्रकोरींची पाकिटं. कंपनीचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात मी का करू? त्यांना सुखदाकडून लेख हवा होता, तो तिच्या ब्लॉगवर यायचा आणि तिच्या नावानं त्यांच्या जाहिरातीतही. मानधन देणार होते. एकच अट, लेखात 'पौष्टिक नाश्ता' हे शब्द आले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अर्णवपुढे वाडगा ठेवला. पोरानं तो संपवला. तळाशी उरलेलं तपकिरी दूधही वाडगा तोंडाला लावून पिऊन टाकलं. जिन्यात तिनं "आ कर" म्हटलं, तर गाल मोकळा. व्हॅन गेल्यावर ती माझ्या दारात येऊन रडली. मी म्हटलं, अगं मूल जेवलं तर रडतेस काय? म्हणाली, काकू, इतकं सोपं असतं हे मला माहीतच नव्हतं.

ते सुख आठवडाभर टिकलं. मग तिच्यातली ड्रॉइंगं तपासणारी बाई जागी झाली. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं तिनं चष्मा लावून वाचली. पदार्थांच्या यादीत धान्यानंतर लगेच साखर होती. आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी वाडगा भरायची आणि रोज स्वतःवर चिडायची. नाही द्यावं तर पुन्हा तो फुगलेला गाल डोळ्यांपुढे यायचा. लेखाचंही तेच. वाईट लिहावं तर कुठल्या तोंडानं अर्णवला देऊ? चांगलं लिहावं तर वाचणाऱ्या बायकांना कुठलं तोंड दाखवू? त्या आपल्या भरवशावर घरची भाकरी बाजूला सारून हे पोरांपुढे ठेवतील, ही धास्ती तिला सगळ्यात जास्त होती. मी म्हटलं, नाही सांगून मोकळी हो. तर म्हणाली, नाही सांगितलं तरी मी घरात देतेच आहे ना? तेही खोटंच की.

एका संध्याकाळी ती लॅपटॉप आणि एक पाकीट घेऊन माझ्याकडे आली. अर्धवट लेख वाचून दाखवायला लागली. 'पौष्टिक नाश्ता' आला की अडखळायची, खोडायची, पुन्हा तोच शब्द टाकायची. मी ऐकत होते आणि ऐकता ऐकता पाकिटात हात घालत होते. कोरड्याच खाल्ल्या मी, मूठ मूठ भरून. कुरकुरीत होत्या, खोटं कशाला बोलू. ती थांबून म्हणाली, काकू, निम्मं पाकीट संपवलंत, आता निदान सांगा तरी कसं आहे.

"खाऊ म्हणून झकास आहे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग लॅपटॉप मिटून उठून गेली. मला वाटलं, पाकीट संपवल्याचा राग आला.

रात्री तिनं लेख कंपनीला पाठवून दिला. त्यात नाश्ता हा शब्द कुठेही नव्हता. लिहिलं होतं, 'हा खाऊ आहे. आमच्याकडे सगळ्यांना आवडतो, समोरच्या काकूंना तर फारच. आपल्या घरी खाऊ कधी देतात ते प्रत्येक आईला माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. साखर किती आहे ते पाकिटामागे छापलंय, चष्मा लावून वाचा. या लेखाचे कंपनीनं मला पैसे दिले आहेत.' माझं नाव घातलं नव्हतं, पण समोरच्या काकू म्हणजे कोण हे साऱ्या सोसायटीला कळलंच.

लेख पाठवल्यावर मात्र तिला नवा घोर लागला. अट मोडली होती. कंपनी रागावेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपल्याला न विचारता नाश्ता हा शब्द परत घुसडेल आणि तो आपल्या नावावर छापला जाईल. सलिल तसा कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला की आमच्याकडे लेबल चुकलं की अख्खा लॉट परत येतो, तू लेबल बरोबर लावलंस, आता झोप. ती काही झोपली नाही.

फोन आला तो दिल्लीकडच्या एका मुलीचा. कंपनीच्या जाहिरातींचं काम ती बघायची. मराठी येत नव्हतं, पण लिपी एकच, म्हणून हिंदीच्या अंदाजानं वाचलं होतं. सुखदानं फोन स्पीकरवर टाकला होता आणि मी तिच्या ओट्याला टेकून उभी होते.

"मॅम, वो 'खाऊ' तो कमाल है," ती मुलगी म्हणाली. "बच्चा माँ से पूछ रहा है ना, खाऊँ? क्लाइंट को बहुत पसंद आया. हम उसे ऊपर बड़े अक्षरों में डाल रहे हैं."

मी पदर तोंडात कोंबला. सुखदाचा चेहरा लाल. पण ही बाई अशी, की फुकटची सुटकाही तिला पचत नाही. तिनं त्या मुलीला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं की तसं नाही, खाऊ मतलब वो चीज़ जो बच्चों को खाने के बाद मिलती है, नाश्ता नहीं. मग ती मुलगी म्हणाली, अच्छा, ट्रीट! और भी प्यारा है मॅम. सुखदानं तरीही हेच सगळं मेलवर लिहून पाठवलं. उत्तरात एक अंगठा आला. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

लेख आला. वर हातभर अक्षरांत 'खाऊ'. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळलं. निघोज्याच्या वर्षालीनं खाली लिहिलं, "ताई, बरं झालं. आमचा प्रज्वल टीव्हीत बघून रोज सकाळी हेच पायजे म्हनून बसायचा. आता सांगितलं, खाऊ हाय, शाळेतून आल्यावर मिळंल." सुखदानं ते मला वाचून दाखवलं, मग सलिलला आणि मग पुन्हा मला.

पण तिच्या स्वतःच्या ओट्यावर वाडगा रोज भरतच होता. दुसऱ्यांच्या पोरांना खाऊ आणि आपल्या पोराला नाश्ता, हे तिला टोचत होतं, पण त्या फुगलेल्या गालाची धास्ती मोठी होती. मी एकदा ओरडून पाहिलं. तिनं नळ सोडून वाडगा विसळायला घेतला, तेव्हा मीही आवरतं घेतलं.

आणि अर्णव हल्ली दिसेल ते वाचतो. दुकानांच्या पाट्या, बसवरच्या जाहिराती, माझ्या औषधांची पाकिटंसुद्धा. शिवाय पोरगा नियमाचा पक्का. लिफ्टमध्ये एक माणूस जास्त झाला तर मला उतरायला लावतो. परवा सकाळी आईच्या मोबाइलवर त्यानं ती मोठी अक्षरं वाचली, मग पाकीट बघितलं, मग समोरचा वाडगा.

"आई, हे खाऊ आहे?"

सुखदा म्हणाली, हो.

"मग आत्ता का देतेस? खाऊ जेवल्यावर असतो."

घरचा नियमही तिचा आणि लिहिलेलंही तिचंच. त्यानं पाकीट उचललं आणि खाऊच्या डब्यात ठेवायला गेला. मावेना, म्हणून डब्यावर ठेवलं. मग येऊन बसला आणि विचारलं, नाश्त्याला काय आहे? नाश्त्याला काहीच नव्हतं. सुखदानं घाईघाईनं रात्रीच्या पोळ्या कुस्करल्या, फोडणी टाकली, वर चिमूटभर साखर घातली. हे तिनंच मला नंतर सांगितलं. चिमूटभर चालते, मी म्हटलं.

मला माझ्या दारातून दिसलं ते असं. हॉर्न वाजला. अर्णव बाहेर आला, दप्तर पाठीवर आणि गाल फुगलेला. सुखदाचा चेहरा पडला. सवयीनं तिनं त्याला जिन्यात थांबवलं, पण 'आ कर' म्हणवेना तिला. शेवटी त्यानंच घाईघाईनं चावलं, मान उंच करून गिळलं आणि न सांगता आ केला.

ती वाकून आत बघत राहिली. तो कंटाळून तोंड मिटून म्हणाला, "आल्यावर खाऊ दे," आणि उड्या मारत खाली गेला.

सुखदा तिथेच पायरीवर बसली. व्हॅन निघून गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, गेला. घास पोटात गेला."

मी तिला ऑफिसला उशीर होतोय म्हणून ओरडले आणि चहा टाकायला आत गेले.